तिघांचा बाप एकच

शिवणकाम करणाऱ्या ताईला दोन भाऊ. थोरला दादा पोस्टातून निवृत्त झालेला, धाकटा रेडिओ दुरुस्त करणारा. तिघं लहान असतानाच आईबाप तापाच्या साथीत गेले आणि भावंडांची तीन दिशांना वाटणी झाली. दादा मामाकडे वाढला. तिथे बाप म्हणजे आळशांचा राजा. ताई आत्याकडे गेली. तिथे तोच बाप देवमाणूस. धाकटा अनाथाश्रमात, त्याला कुणी काहीच सांगितलं नाही. म्हणून त्याने स्वतःपुरता एक पैलवान बाप तयार करून घेतला. मोठेपणी भावंडं एकमेकांना सापडली खरी, पण जेवायला एकत्र बसली की बापावरून जुंपायची आणि ताटातलं गार व्हायचं.

शेवटी ताईच वैतागली. बाप ज्या फर्निचरच्या कारखान्यात होता, तिथला एक म्हातारा सुतार अजून हयात आहे असं तिच्या कानावर आलं. दोघांना पुढे घालून तिने त्याचं घर गाठलं.

म्हातारा कानाने अधू, पण जिभेने ठणठणीत. ताईने बापाचं नाव सांगितलं, पॉलिशचं काम करायचा हेही सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला आणि मग तो थांबेचना. कामाला वाघ, पंजा लढवण्यात भल्याभल्यांना लोळवायचा, नकला तर अशा करायचा की मालकालाही हसू आवरत नसे. पंजाचं ऐकून धाकटा फुलला. ताईने डोळे पुसले. दादासुद्धा मान डोलवायला लागला. जन्मात पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं.

"एवढा गुणी माणूस," म्हातारा हळहळला, "पण लग्न काही केलं नाही बघ शेवटपर्यंत."

तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ताईने म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून, आपण त्या माणसाची मुलं आहोत, हे जमेल तितक्या सभ्यपणे ओरडून सांगितलं.

"पॉलिशवाला होय? मी समजलो करवतवाला." म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. "त्याचं फारसं नाही सांगता यायचं, बाई. भोंगा झाला की आम्ही गप्पा छाटत बसायचो, हा सायकलवर टांग टाकून पसार. पोरं वाट बघतात म्हणायचा."

तिघं बसथांब्यावर आली. तिथे दादाने घसा साफ केला आणि म्हणाला, दारात वाट बघत तोच उभा असायचा, थोरला ना तो. धाकट्याला ते पटेना. बाप पळत येतो तो तान्ह्यासाठी. ताईने दोघांनाही गप्प केलं. संध्याकाळी ही दोघं झोपलेली असायची, जागी असायची ती एकटी. दादा म्हणाला, तुला तेव्हा धड चालता तरी येत होतं का?

या वादात समोरून दोन बस निघून गेल्या.