थंड बोर्डवर लावलेला करंट

माझी आई चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात सोल्डरिंग करायची. वडील परभणीकडून आलेले, बिगारी कामाला जायचे. स्लॅबवरून पडून कंबर गेली, तेव्हापासून घरीच. मग आई सुटे पार्ट पिशवीतून खोलीवर आणायला लागली. रेझिस्टरचे तारेचे पाय वाकवून कापायचे. आम्ही तिघं भावंडं पाय वाकवता वाकवता अभ्यास करायचो. कापलेले तुकडे अंथरुणात टोचायचे, एकदा तर एक भातात निघाला. लोकांना हे ऐकून गंमत वाटते. गंमत नव्हती. धाकटी बहीण दहावीला नापास झाली आणि त्याच गाळ्यात कामाला लागली. मी पास झाले. आधी डिप्लोमा, मग डिग्री. आमच्या घरातली पहिली. हे मी मान वर करून सांगते, कारण त्यात कुणाचे उपकार नाहीत.

नोकरी त्याच इस्टेटमध्ये लागली, दोन गल्ल्या पलीकडे. सहा महिने ट्रायल. "जमलं तर डिझाइनला, नाहीतर टेस्टिंगला," मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं जन्मभर मोजत बसायचं. मला ते नको होतं.

आमची कंपनी वायरलेसच्या पेट्या बनवते. पेटी डोंगरावरच्या खांबावर बसते, बॅटरीवर चालते आणि पलीकडच्या गावाला इंटरनेट पोचवते. तिच्यातल्या ॲम्प्लिफायरला सिग्नल असो नसो, थोडा करंट कायम द्यावा लागतो. जास्त दिला तर सिग्नल स्वच्छ, पण पेटी तापते आणि बॅटरी बसते. कमी दिला तर बॅटरी टिकते, पण सिग्नलचे उंच भाग चेपतात आणि सगळी घाण शेजारच्या चॅनेलमध्ये सांडते. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, एवढंच खरं तर आमचं काम.

ती जागा डिझाइनच्या सिनियरने शोधली होती. मोठ्या कॉलेजचा, माझ्याहून चार वर्षांनी पुढे. पहिल्या आठवड्यात त्याने माझं आडनाव विचारलं आणि म्हणाला, "अच्छा. ॲडमिशन कशातून?"

"परीक्षेतून," मी म्हटलं.

तो हसला. ते हसू मी विसरलेले नाही.

मग पेट्या परत यायला लागल्या. बॅटरी लवकर उतरते, अशी तक्रार. सिनियरने करंटचा आकडा खाली आणला. आता दुसरी तक्रार: पहाटेच्या थंडीत शेजारचं चॅनेल खराब होतं. आकडा पुन्हा वर. असं तीनदा झालं. वर एसी लॅबमध्ये मात्र पेटीतला बोर्ड दर वेळी झकास चालायचा.

मी खाली, बोर्ड जोडतात त्या लाइनवर जाऊन बसले. प्रत्येक बोर्डवर एक बारका स्क्रू असतो. मीटरवर ठरलेला आकडा येईपर्यंत तो फिरवायचा आणि हलू नये म्हणून वर लाल नेलपॉलिशचा टिपका मारायचा. हे काम वीस वर्षं एक मावशी करत होत्या.

"मावशी, बोर्ड चालू केल्यावर किती वेळाने आकडा लावता?"

"वेळ कसला गं? चालू केला, लावला, टिपका, पुढचा. दिवसाचे नग काय तू भरणार?"

"आणि नंतर करंट वाढतो?"

"वाढतो ना! तापला की कुठच्या कुठे जातो."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की तुझ्या त्या हिरोला. म्हणाला, मावशी, तुम्ही टिपका मारा, डोकं आम्ही लावतो."

वाट लागली होती ती इथे. लॅबमधला बोर्ड दिवसभर चालू असायचा. सिनियरने आकडा काढला तापलेल्या बोर्डवर आणि मावशी तोच आकडा लावायच्या थंड बोर्डवर. डोंगरावर पेटी तापली की करंट चढायचा. म्हणून आकडा उतरवला, तर पहाटे ॲम्प्लिफायर उपाशी.

मी ॲम्प्लिफायरच्या तापणाऱ्या ट्रान्झिस्टरला अगदी चिकटून एक थर्मिस्टर, म्हणजे उष्णता ओळखणारा बारका पार्ट बसवला. बोर्ड तापेल तसा तो करंट चढू देत नाही. एक बोर्ड पँट्रीच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी ठेवला, एक लॅबच्या ओव्हनमध्ये. दोन्हींचा करंट जवळपास सारखा आला, सिग्नलही स्वच्छ. शिवाय दहा मिनिटं तापवल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, हा नियम लिहिला. रिपोर्टमध्ये मावशींचं नावही घातलं.

सिनियरने रिपोर्ट चाळला. "हे मला माहीतच होतं यार. आणि लाइनवर कशाला बसलीस? घरची सवय?"

मावशींचं नाव त्याने खोडलं. माझं आपल्या नावाखाली ठेवलं. ट्रायलचे सतरा दिवस उरले होते. मी गप्प बसले. याची मला आजही लाज वाटते.

ग्राहकासमोर रिपोर्ट त्यानेच मांडला. मला मागची खुर्ची. ग्राहकाकडच्या बाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "थर्मिस्टर इथेच का? या कोपऱ्यात मोकळी जागा आहे की."

सिनियर म्हणाला, "ते... लेआउटची सोय बघून."

"सोय नाही," मी मागून बोलले. "कोपऱ्यात लावला तर ट्रान्झिस्टर तापल्याचं त्याला उशिरा कळेल. तोवर करंट चढलेला असेल. तिथे लावून बघितलंय, आकडे शेवटच्या पानावर आहेत."

बाईंनी शेवटचं पान उघडलं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारले. सिनियर पाणी पीत राहिला.

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "मस्त टीमवर्क!" त्या वर्षी सिनियरला बढती मिळाली. मावशींना दहा मिनिटं थांबायचा नियम मिळाला, आणि दिवसाचे नग तेवढेच राहिले. ते कमी करा म्हणून मी दोनदा लिहून दिलं. उत्तर आलं नाही.

पेट्या परत येणं थांबलं. सतराव्या दिवशी, ट्रायल संपली तेव्हा, मला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्यावर हुद्दा लिहिला आहे, डिझाइन इंजिनीअर.