गाळण्यावरच्या गोगलगायी

साठ-पासष्ट सालच्या सुमाराला कराडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांनी आम्हाला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणायला सांगितले. बाकीची पोरं कृष्णेकाठी चिखल तुडवत फिरली. मला कुठं जावं लागलं नाही. आई रोज जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातनं पाणी गाळायची आणि फडक्यावर राहिलेल्या बारक्या गोगलगायी कोंबड्यांपुढं झटकायची. त्या आठवड्यात मी त्या एका बाटलीत भरल्या.

आम्ही बौद्ध झालो आणि मेलेली ढोरं ओढायची सोडली. "तुमची म्हस हाय, तुमी ओढा," असं वडील तोंडावर म्हणाले. तेव्हापासून गावानं विहिरीवरनं आमच्या घागरीत पाणी वाढायचं बंद केलं. मग उरलं गुरांचं तळं.

वर्गात सर म्हणाले, "शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडं करा. तोंडाला झाकण असलं तर ती निराळी. झाकण नाही, शंख पातळ, तपकिरी आणि तोंड उजवीकडं, तर आपल्याला हवी ती हीच." माझ्या बाटलीतल्या बहुतेक तशाच निघाल्या.

सरांनी बाटली उंच धरली. "हिच्यामुळं जनावराच्या यकृतात चपटे किडे होतात. ही जिथं दिसेल, तिथलं पाणी म्हशीलासुद्धा पाजू नये."

मग कौतुकानं विचारलं, "एवढ्या कुठल्या डबक्यात सापडल्या रे तुला?"

"घरात, सर," मी म्हणालो. "माठाच्या फडक्यावर."