तिसरीतली पोर

मी चौथीतनं शाळा सोडलेली. तवा अंगनवाडीच्या बाईंनी माझ्या पोरीला झोळीत टांगून काटा बघितला आन् कार्डावर "तिसरी" लिहिलं, तर मला लई आनंद झाला. दीड वर्साची पोर, आन् तिसरीत! पळत जाऊन सासूबाईंना सांगितलं.

मग अंगनवाडीच्या बाईंना माझा आनंद सांगितला, तर त्या हसल्याच न्हाईत. "अगं, ही शाळेतली तिसरी नाही. आकडा वाढला की पोर खंगत चाललीय. चौथीत गेली तर नगरला दवाखान्यात ठेवावी लागंल."

पन तिसरीतल्या पोरांना सुकडी दुप्पट मिळायची. गुळाची गोड वडी. पोर दोन्ही हातांत एकएक धरून चोखत बसायची. मांडीवर घेतली की जरा जड लागाया लागली हुती.

मग तालुक्याचे सायेब पोरांची वजनं बघाया येनार म्हनून सरपंच घरोघर फिरले. "निवडनूक तोंडावर हाय. गावात एकबी तिसरी दिसता कामा न्हाई, काय?"

सासूबाई म्हनल्या, "सायबापुढं पोर उघडी नेऊ नगंस गं." त्यांनी तिला चांदीचे वाळे घातले, कमरंला साखळी घातली. मीबी कौतुकानं काजळ लावलं. झोळीत घालताना बाई म्हनल्या, "वाळे काढ."

सरपंच हसले, "ऱ्हाऊ द्या की बाई, पोर कशी नटलीय!"

काटा खाली गेला. दुसरी. सायबांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मिळाली एकच वडी. ती एका हातात धरून पोरीनं दुसरा हात पुढं केला. तसाच ठेवला.

मी घरी पळाले, वाळे-साखळी काढली, तिला कडंवर घेऊन तशीच माघारी आले. वाळे आन् साखळी बाईंच्या हातावर ठेवली.

बाईंनी वजन तोलून बघितलं. "सरपंचांना कळलं तर माझी नोकरी जाईल गं."

पोरीचा एक हात अजून मोकळाच हुता.

बाईंनी दार लोटलं. झोळी अडकवली. काटा बघितला, कार्डावरचं खोडलं.

"घे," त्या म्हनल्या, "बसवली परत तिसरीत."

आन् दुसऱ्या हातात वडी दिली.