रडलं म्हणजे सुटलो

जव्हारच्या दरबारी दवाखान्यात मी नर्स होते. संस्थानातल्या नोकरीचे किस्से सांगायला बसलं की संपत नाहीत. खाटेखाली लपणारे पेशंट काय, औषधाच्या बाटलीला हळदकुंकू वाहणाऱ्या म्हाताऱ्या काय! लोक हसतात, मीही हसते. बाळंतिणीच्या खोलीतले किस्से मात्र मी सहसा काढत नाही. आज विषय निघालाच आहे.

*

आमचे डॉक्टरसाहेब मुंबईला शिकलेले. बाळंतपणात त्यांचा सगळा जीव कानात यायचा. मूल रडलं की हात पुसत म्हणायचे, "रडलं. सुटलो." मग कंपाउंडर सगळ्यांना गूळ वाटायचा. आमची सगळ्यांची समजूत तीच होती. रडलं, की काळजी मिटली.

*

साखरशेतची सोमी पहिलटकरीण. अडली म्हणून तिच्या नवऱ्याने, लहानूने, झोळीतून आणली. मूल आलं ते जांभळं, ओल्या फडक्यासारखं लुळं. साहेबांनी त्याला गरम पाण्यात धरलं, मग गार, पुन्हा गरम. तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. मी मनातून आशा सोडली होती. आणि मूल कण्हलं, मग रडलं.

लहानू कोंबडा घेऊन आला. म्हणाला, "पोराचा नाव साहेबच ठेवतूं." आणि ठेवलंही. गावभर तो साहेब्या झाला.

*

त्याच गावची सुईण बुधीआजी. न रडणाऱ्या मुलाची नाळ ती तोडायची नाही, नाळेच्या टोकाची वार निखाऱ्यावर शेकायची. ऊब नाळेतून पोरात जाते म्हणे. साहेब तिच्यावर रागावले, तर ती शांतपणे म्हणाली, "तुमी पान्यात बुडवतास, मी वार शेकतां. तुमचा बी रडतं, माझा बी रडतं. पुढचा कोनाला ठाव हाय?"

साहेब हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

*

भातकापणी उरकल्यावर सोमी साहेब्याला घेऊन आली. पोर सहा महिन्यांचं झालं तरी मान धरत नव्हतं. मुठी घट्ट, अंगठे आत. आमच्या समोरच त्याला झटका आला.

"साहेब, तुमी तं सांगलास, वाचला."

साहेब त्याची मूठ हलकेच उघडत राहिले. "श्वास आला, सोमी. पण उशिरा आला. तेवढ्यात मेंदूला इजा झाली."

"मंग त्याचा दवा द्या."

झटक्यांचं औषध दिलं. मेंदूचं आमच्याकडे नव्हतं.

*

पुढे खोडाळ्याच्या बाजारात एका बाईने मला थांबवलं. ती माहेरपणाला जव्हारला आली असताना आमच्याकडेच बाळंत झाली होती. तिची मुलगीही अशीच जांभळी, साहेब्यापेक्षाही उशिरा रडलेली. ती आता काकडी खात आईच्या पुढे पळत होती. मी आनंदाने साहेबांना सांगायला गेले.

"पाणी तेच, हात तेच," म्हणाले. "मग त्या पोराचंच असं का झालं?"

त्यानंतर गूळ वाटणं बंद झालं. कंपाउंडरने विचारलं, तर म्हणाले, "वर्षाने वाटू."

*

सोमी दुसऱ्या बाळंतपणाला आली तेव्हा साहेब्या चांगला मोठा झाला होता, तरी लहानूच्या पाठीवरच. मोठा आवाज झाला की त्याला झटके यायचे. सासू घरी नव्हती, म्हणून त्यालाही आणावं लागलं. ओसरीवर घोंगडीवर निजवला. आदल्या रात्रीपासून त्याचा डोळा लागला नव्हता.

या खेपेला साहेबांनी आधीच तयारी केली होती. गरम पाणी, गार पाणी, सगळं मांडून ठेवलेलं. पण कशाचीच गरज पडली नाही. मूल लालबुंद आलं आणि आल्या आल्या असं टाहो फोडून रडलं की खोली दणाणली. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी डोळे पुसले.

सोमी कोपरावर उठली, ओसरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, याला गप करा. थोरला आताच निजलाय."