काका, रेफ्री आणि अकरा पोरं

आमच्या घरमालक काकांचा भरवसा एकदा ज्याच्यावर बसला, तो माणूस त्यातून आयुष्यात सुटला नाही. मीही सुटलो नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हिंगणीकडून एक पत्र्याची पेटी घेऊन वर्ध्याला कॉलेजात शिकायला आलो होतो. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे शहरात कुणाशी काय बोलावं, हेच मला कळत नसे. काकांचं खाली टेलरिंगचं दुकान होतं आणि वर माझी खोली. पहिल्या दिवशी मी जिना चढत असताना त्यांनी मशीनवर बसल्याबसल्या खोलीची किल्ली माझ्याकडे फेकली. उजव्या हातात पेटी होती, म्हणून मी ती डाव्या हाताने झेलली. काकांचा पाय मशीनवर थांबला. ते दुकानाबाहेर आले आणि समोरच्या पानठेल्याकडे पाहून ओरडले, "अरे, गोलकी भेटला!" मी घाबरत सांगितलं, की आमच्या गावात कबड्डी खेळतात, फुटबॉलला मी हातही लावलेला नाही. काका म्हणाले, "किल्लीपरिस बॉल मोठाच असते ना? मंग तुले तं सोपंच जाईन." अशा रीतीने मी मोहल्ल्याच्या टीमचा गोलकीपर झालो.

काका त्या टीमचे मॅनेजर होते. टीममध्ये दोन ऑटोवाले होते, कापूस बाजारातले तीन-चार हमाल होते, बाकी आम्ही शिकणारे. मॅनेजरने खेळाडूंना काहीतरी शिकवायचं असतं, हे मला फार उशिरा, वर्तमानपत्रातून कळलं. काकांनी आम्हाला कधी काही शिकवलं नाही. ते म्हणत, "पाय त्यायचे, बॉल त्यायचा, मी मंधात कायले तोंड घालू?" हाफ टाइमला आम्ही पाच गोल खाऊन माना खाली घालून आलो, तरी ते लिंबाच्या फोडी वाटत शांतपणे सांगत, "बरोबर चालू हाय. असंच करा." आमच्या सेंटर फॉरवर्डने दोन हंगामांत एकही गोल केला नव्हता. त्याला बसवा, असं सगळे सांगत. काका म्हणत, "गोल त्याच्या पायात हाय रे, फक्त निंघून नाई राह्यला." खेळाडू बदलणं त्यांना विश्वासघात वाटे. एकदा आमच्या एका ऑटोवाल्याचा पाय मुरगळला. तो उरलेली वीस मिनिटं एका पायावर, कॉर्नरच्या झेंड्याला धरून उभा होता. मी विचारलं, "काका, याचा काय उपयोग?" तर म्हणाले, "समोरच्यायले काय मालूम, हा कवा धावन ते?" आणि मी खरं सांगतो, समोरच्या टीमचा एक माणूस शेवटपर्यंत त्याच्याजवळून हलला नाही.

पोरांवर काकांचा जेवढा भरवसा होता, तेवढाच रेफ्रीवर अविश्वास. पण तो दाखवण्याची त्यांची रीत वेगळी होती. दुसरे मॅनेजर रेफ्रीला शिव्या देत, धावून जात. काका रेफ्रीचे कपडे शिवत. मॅचच्या अर्धा तास आधी ते गळ्यात टेप, कॉलरला दोरा ओवलेली सुई अशा थाटात मैदानावर हजर असत आणि रेफ्रीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत. "साहेब, पॅन्टची शिवण उसवली हाय. पब्लिकसमोर वाकसान अन फजिती होईन. या इकडे." मग झाडामागे नेऊन ते शिवण घालत. शिवण घालता घालता रेफ्रीच्या मुलाबाळांची चौकशी होई, त्याच्या जुन्या निर्णयांचं कौतुक होई आणि शेवटी दाताने दोरा तोडताना हळूच एक वाक्य येई, "त्यायचा सात नंबर लय ढकलते म्हनतात. पाहा बा, तुमी तं पाहतच असान." घरी काकू म्हणायच्या, "रेफ्र्यायचे कपडे हातोहात, अन गिऱ्हाइकाचे दिवाळी झाल्यावर!" काका ऐकून न ऐकल्यासारखं करत.

या शिवणकामाने आमचा एकही सामना जिंकून दिल्याचं मला आठवत नाही. उलट आष्टीच्या मैदानावर घात झाला. रेफ्रीचा छातीवरचा खिसा फाटला होता आणि काकांनी तो इतका मजबूत शिवला, की लाल कार्डासकट वरूनही बंद झाला. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या बॅकने आमच्या माणसाला उडवला. रेफ्री शिट्टी वाजवून ऐटीत खिशात हात घालायला गेला, तर हातच जाईना. तो खिसा ओढतोय, लोक हसताहेत, बॅक समोर उभा राहून वाट पाहतोय. शेवटी रेफ्री वैतागून म्हणाला, "जा बाबा, खेळ." काकांनी कपाळावर हात मारला. सबंध एसटी प्रवासात ते एवढंच पुटपुटले, "डबल टाका घालाले नोको होता."

काकांची एकच इच्छा होती. जिल्ह्याची स्पर्धा जिंकणाऱ्या टीमला नागपूरच्या मोठ्या मैदानावर खेळायला मिळे. काका तरुणपणापासून त्या मैदानाचं नाव घेत आले होते, पण त्यांची टीम कधी तिथवर पोचली नव्हती. मी दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही कसे कोण जाणे, फायनलला पोचलो. सेंटर फॉरवर्डच्या पायातून गोल अखेर निघायला लागले होते. काकांनी गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारून नागपूरसाठी अकरा नव्या जर्सी शिवल्या. काकूही या वेळी काही बोलल्या नाहीत.

फायनल वर्ध्यातच होती. शेवटची पाच मिनिटं उरली होती, गोल कुणाचाच नव्हता. बरोबरीत सुटलं तर जास्त साखळी गुणांवर आम्हीच जिंकणार होतो. तेवढ्यात समोरच्या टीमच्या सात नंबरने लांबून फटका मारला. बॉल वरच्या दांड्याला लागून खाली आपटला आणि मी त्यावर झडप घातली. गोलाला जाळी नव्हती. लाइन्समन मैदानात शिरलेलं कुत्रं हाकलत होता. ते ओरडू लागले, "गोल!" आमचे ओरडू लागले, "बाहेर!" रेफ्री म्हातारे गृहस्थ होते, नागपूरहून आलेले. ते धापा टाकत पोचले आणि गोंधळून एकदा बॉलकडे, एकदा रेषेकडे पाहू लागले. त्यांच्याभोवती दोन्ही टीमची गर्दी झाली.

त्या गर्दीत काका शिरले. "साहेब, भांडन कायले? माह्या गोलक्याले विचारा. तो म्हनन ते मले मंजूर."

त्यांचा मॅनेजर उसळला, "आमाले काऊन मंजूर? पोरगा तुमचा!"

"दोन वर्सं माह्या घरात राहून राह्यला तो. लाइटीचा बल्ब फुटला तरी खाली येऊन सांगते, काका, मी फोडला. विचार त्याले, मंग बोल."

त्या मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. हा पोरगा खोटं बोलू शकणार नाही, असं बहुधा त्याला वाटलं असावं. तो रेफ्रींना म्हणाला, "विचारा."

रेफ्री माझ्यासमोर आले. "बेटा, बॉल कुठे पडला?"

बॉल रेषेच्या आत पडला होता, चांगला वीतभर. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती. मला अकरा जर्सी आठवल्या. 'बाहेर' म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आत."

मग काका रेफ्रींना म्हणाले, "आयकलं ना साहेब? द्या गोल."

आम्ही हरलो. पोरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. काका बोलत, पण किराणा, नळाचं पाणी एवढंच. आठवडाभराने मी पेटी भरली आणि किल्ली परत द्यायला खाली आलो.

"कुठी चालला?"

"खोली सोडतो, काका."

"काऊन? रविवारी मॅच हाय. गोलात मी उभा राहू का?"

मी पेटी जिन्याशी ठेवली. मग विचारलं, "काका, त्या दिवशी मी काय म्हणेन असं तुम्हाला वाटलं होतं?"

काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "बाहेर म्हनशीन असंच वाटलं मले. तुह्या तोंडाकडे पाहून कोनी शक घेतला नसता." मग सुईत दोरा ओवण्याचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला. "पन तू आत म्हटलं. आता जे हाय ते हाय. जाय, पेटी वर ठेव."

त्यानंतर मॅचआधी रेफ्रीची शिवण घालणं त्यांनी बंद केलं. ते मला हाताला धरून रेफ्रीसमोर उभं करत आणि अभिमानाने सांगत, "साहेब, हा माहा गोलकी. बॉलचं काही समजलं नाई तं याले विचारजा." आणि काही रेफ्री खरंच विचारू लागले. त्यापायी आम्ही आणखी दोन सामने हरलो. काकांनी ओळख करून देणं सोडलं नाही. पुढे टीम पांगली, मैदानावर प्लॉट पडले. आमच्यापैकी कुणीही नागपूरला खेळलं नाही.

नोकरी लागल्यावर, एका रविवारी मी काकांना नागपूरला मॅच पाहायला घेऊन गेलो. त्यांचे डोळे अधू झाले होते, तरी ते मैदानाच्या हिरव्या गवताकडे टक लावून पाहत होते. दुसऱ्या हाफमध्ये बॉल दांड्याला लागून खाली पडला आणि एकच गोंधळ उडाला. रेफ्री धावत लाइन्समनकडे गेला. गोलकीपर एकटाच दांड्यापाशी उभा होता, त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. काका माझ्या खांद्याचा आधार घेत हळूहळू उभे राहिले आणि एवढ्या मोठ्या गर्दीत, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "त्याले विचार ना, बाप्पा. तो तिथंच तं होता."