सफरचंदावरचे तंबू

वाचनालयाच्या आवारातली झाडं सांभाळणाऱ्या मावशींना साहेबलोकांपेक्षा सुरवंट बरे वाटायचे. ते निदान फुकटचे सल्ले देत नाहीत, असं त्या म्हणायच्या.

आवारात सफरचंदाचं एकच झाड. मावशींनी ते नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लावलं होतं. उन्हाळ्यात भुरक्या पतंगाची मादी यायची, डहाळीभोवती दोन-तीनशे अंड्यांचं कडं घालायची, वर चकचकीत लेप चढवायची आणि मरून जायची. मावशी हिवाळाभर डहाळी न् डहाळी चाचपून ती कडी नखाने काढत. झाड सुखी, मावशी सुखी.

मग वाचनालयाला नवे साहेब आले. कडं बघून म्हणाले, "अहो मावशी, हा जखमेवरचा डिंक आहे. सोलताय काय? झाडाला बरं होऊ द्या!"

"साहेब, ती अंडी आहेत."

"मी वनस्पतिशास्त्र शिकलोय."

शिकले असतील. डोळे उघडून बघायचा धडा तेवढा त्यांनी ऑप्शनला टाकला असावा!

हुकूम म्हणून कडी तशीच राहिली. कळ्या उमलल्या, तशी अंडीही फुटली. फांद्यांच्या बेचक्यांत रेशमाचे पांढरे तंबू उभे राहिले. इवले सुरवंट रांगेने बाहेर पडायचे, आपल्याच धाग्याच्या वाटेने पानं खाऊन यायचे आणि पुन्हा तंबूत शिरायचे. साहेबांनी काठीला रॉकेलचा बोळा बांधला, शिडी लावली आणि तंबू जाळले. तेही सगळे सुरवंट जेवायला बाहेर गेलेले असताना! जळाल्या त्या फांद्या. शेंड्यापर्यंत मात्र साहेब गेले नाहीत; चौथ्या पायरीवरूनच शिडीला मिठी मारून ते खाली उतरले.

पंधरवड्यात झाड बोडकं झालं. "मेलंय ते. महिनाअखेर तोडा, तिथे गाड्या लावू," साहेबांनी हुकूम सोडला.

मावशी आडव्या आल्या. "थोडं थांबा हो! सुरवंट आता कोष करायला निघून जातील. झाड पुन्हा पालवेल."

साहेब नुसते हसले. असलं हसू फक्त खुर्चीवाल्यांनाच जमतं.

महिनाअखेरीस करवतवाला आला. वाचनालयाच्या अध्यक्षबाईही आल्या. वर बघतात तो शेंडा हिरवागार, आणि खाली काळे खुंट.

"माझ्या उपचारांचा परिणाम," साहेब छाती फुगवून म्हणाले.

"मग खालच्या फांद्यांना काय झालं?" बाईंनी मावशींना विचारलं.

"उपचार तिथेच झाले ना, बाई. वर साहेबांचा हात पोचला नाही."

अध्यक्षबाईंनी करवतवाल्याला कापायला फक्त जळक्या फांद्या दाखवल्या. शिडी त्यांनी मावशींच्या ताब्यात दिली.