एका दोऱ्याची वही

आमच्या समोरच्या सुमंतला मी ‘बघतो’ अशीच हाक मारायची. कारण त्याला काहीही सांगा, गच्चीवरची अँटेना फिरव म्हणा नाहीतर लग्न कर म्हणा, चष्मा वर सरकवून तो एवढंच म्हणायचा, बघतो. आणि खरोखर बघायचा, ही त्याची खोड. अँटेनाचं बघायला गच्चीवर गेला तो आमच्या बातम्या संपल्यावरच खाली आला; पण पुढे चार वर्षं आमच्या टीव्हीवर मुंग्या आल्या नाहीत.

मी शाळेत मराठी शिकवते. साताऱ्याच्या शनिवार पेठेत सगळे मला शालूबाई म्हणतात, आणि माझी पाठ वळली की ‘सातारा आकाशवाणी’ म्हणतात. मला ठाऊक आहे. आकाशवाणीला सगळं ठाऊक असतं. तेव्हा सुमंतच्या या हकिकतीत मी कुठे सापडणार, हे चतुरांनी ओळखलंच असेल.

सुमंत अनसूयाबाईंचा एकुलता एक. वडील तो दहावीत असताना गेले. शिक्षण सांगलीला झालं आणि नोकरी राजपथावरच्या एका कॉम्प्युटर क्लासात. बरोबरीची पोरं पुण्याला, कुणी थेट अमेरिकेला; हा आईच्या हातची आमटी सोडून कुठे जाईना. मी चिडवायची, ‘बघतो, तुझं लग्न आता त्या कॉम्प्युटरशीच लावू, मुंडावळ्या पडद्याला बांधू.’ तो लाजून जिना उतरायचा. बिचारा कधी उलटून बोलला नाही. उलटून बोलणाऱ्या माणसाशी मी जरा जपून वागते, हे आता लिहिताना कळतंय.

सांगलीच्या गावभागात अनसूयाबाईंचे मामेभाऊ गंगाधरपंत तीस वर्षं वधूवर मंडळ चालवत होते. सुमंत त्यांना मामा म्हणे, म्हणून आम्हीही मामाच म्हणत असू. मंडळाची पद्धत ठरलेली. स्थळांची एक जाडजूड वही, तिच्यात खुणेचा एक लाल दोरा. एका वेळी एकच घर आत घ्यायचं, दार लोटायचं, बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसायचं. आतल्या मंडळींना जे स्थळ आवडेल तिथे दोरा घालायचा. ती उठली की दोरा काढून पुढच्यांसाठी मोकळा.

दुसरी पद्धत नकाराची. कारण काहीही असो, मुलीचा रंग असो, मुलाचा पगार असो, होणाऱ्या सासूचा आवाज असो, समोरच्यांना कळवायचं एकच: पत्रिका जुळत नाही. खरं कारण टिपणाच्या कागदावर, आणि कागद मामांच्या कपाटात कुलपाखाली. दोष ग्रहांवर टाकला म्हणजे माणसं पुढच्या लग्नात एका पंगतीला बसू शकतात, असं मामा सांगत.

नव्व्याण्णव साली परदेशातल्या मुलांचे आईबाप मामांच्या मागे लागले की वही इंटरनेटवर टाका. मामांनी सुमंतला विचारलं. सुमंत म्हणाला, बघतो. सहा महिने बघितलं आणि वही केली. स्थळांची यादी सगळ्यांना एकच दिसायची. शिवाय प्रत्येकाला एक नंबर, एक गुप्त शब्द आणि स्वतःचं एक टिपणाचं पान. होकार, नकार, मनातलं काय असेल ते तिथे लिहायचं. ते पान फक्त लिहिणाऱ्याला आणि मामांना दिसणार.

चाचणी दोन महिने चालली. मामा सांगलीत, हा साताऱ्यात. इंटरनेटला तेव्हा फोनचीच तार लागे. मामा म्हणत, आधी तुझं होऊ दे. हा म्हणे, छे, तुम्ही मोठे, आधी तुम्ही. मामांचं आटोपलं की ते फोन करून कळवत, मग हा बसे. दोन महिन्यांत दोघं एकदम असे एकदाही बसले नाहीत. आमच्याकडे दोन माणसं एका दारातून जायची म्हटली तरी ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत चहा गार होतो. चूक सापडणार कुठून?

त्याच वहीतून सुमंतला मयूरीचं स्थळ आलं. मयूरी सांगलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. मुलगी बघायला अनसूयाबाईंबरोबर मी गेलेच. कुणी बोलावलं होतं हे आठवत नाही. पोहे झाल्यावर सुमंतने विचारलं, तुमचं काम कसं असतं? ती म्हणाली, दिवसभर लोकांना हलू नका, श्वास धरा म्हणायचं, आणि तुम्ही आल्यापासून न सांगताच तसे बसलायत. सुमंत मोठ्याने हसला. सत्तावीस वर्षांत त्याचे खालचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पत्रिका आमच्या ह्यांनीच पाहिल्या. छत्तीसातले अठ्ठावीस गुण. दोन्हीकडच्यांनी आठ दिवसांत आपापल्या पानावर उत्तर लिहायचं ठरलं. आठ दिवस सुमंत जिना चढताना शीळ घालत होता, आणि मी गॅलरीतून तीच शीळ त्याला परत ऐकवत होते.

सहाव्या दिवशी रविवार होता. माझी भाची ओवी लग्नाची, तिचंही नाव मंडळात. तिचं पान बघायला सुमंतने आमच्यासाठी क्लास उघडला आणि तो बाजूच्या खोलीत गेला. ओवीने नंबर टाकला, यादी पाहिली आणि ‘माझं टिपण’ असं होतं ते दाबलं. पान उघडलं. वर नाव मयूरीचं.

खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. माझा होकार आहे. लहानपणापासून मला फिट येत असे; औषध चालू आहे, चार वर्षांत आलेली नाही. हे मी सुमंतना स्वतः भेटून सांगणार आहे, गुरुवारी रजा घेऊन साताऱ्याला जाते आहे. तोवर कृपा करून कुणाला सांगू नये.

ओवी म्हणाली, “मावशी, हे आपलं नाही. बंद करते.”

मी म्हणाले, “थांब गं, जरा.”

त्या ‘थांब गं’ला माझ्याकडे आजवर सबब सापडलेली नाही. चष्मा नव्हता म्हणावं, तर तो नाकावर होता.

सुमंतला सांगायला हवं होतं की अरे, तुझ्या वहीत काहीतरी घोटाळा आहे. सांगितलं नाही. पोटात बातमी असली की माझे पाय आपोआप वळतात, तसे ते अनसूयाबाईंच्या स्वयंपाकघराकडे वळले. त्या भेंडी चिरत होत्या. मी उंबऱ्यातूनच म्हणाले, “सुनेने पसंत केलं हो तुमच्या बघतोला. फक्त तिच्या उशाशी एक कांदा ठेवत जा.”

फिट आलेल्याला कांदा हुंगवतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. अनसूयाबाई आधी हसल्या. मग त्यांचा विळीवरचा हात थांबला. मला वाटलं होतं, वाक्य जमलं.

दुपारी अनसूयाबाईंनी मामांना फोन केला, मामांनी मयूरीच्या आईला. फोनागणिक माझं वाक्य पुढे गेलं, कांद्यासकट. सोमवारी संध्याकाळी मयूरी दवाखान्यातून घरी आली तेव्हा आईने तिला विचारलं, तू साताऱ्याला कुणाकुणाला सांगून बसलीस? तिने तर कुणालाच सांगितलं नव्हतं. गुरुवारची रजा तेवढी मागितली होती.

मंगळवारी सकाळी सुमंत माझ्याकडे आला. मला वाटलं, भांडणार. पण त्याने एवढंच विचारलं, “बाई, पानावर वर नाव कुणाचं होतं? ओवीचं की तिचं?”

तिचं, म्हटलं.

तो खुर्चीत बसला. बराच वेळ त्याने चष्मा वर सरकवला नाही. मग मला समजावलं, अगदी ‘ढ’ मुलीला समजावतात तसं. वही सगळ्यांची, ती एकच असायला हवी. पण कुणाचं पान कुठलं, ही खूण ज्याची त्याची वेगळी हवी. त्याने मामांच्या खोलीत पाहिलेली वही डोळ्यांसमोर ठेवली आणि सगळ्यांना मिळून एकच दोरा ठेवला. मामांच्या खोलीला दार होतं, एका वेळी एकच घर आत असे, म्हणून तिथे चाललं. इथे दार नव्हतं. ओवी आत असतानाच सांगलीत मयूरी आत आली, दोरा तिच्या पानावर गेला, आणि ओवीने दाबलं तिथे मयूरीचं पान उघडलं.

“तुम्ही पाहिलंत म्हणून कळलं,” तो म्हणाला. “नाहीतर कधीच कळलं नसतं.”

त्याने माझे आभार मानले. मी ते घेतले.

बुधवारी तो सांगलीला निघाला, तिची माफी मागायला. मलाही चला म्हणाला. पान डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार मीच. एसटी कराडला थांबली. मग म्हणाला, हे पहिल्या दिवसापासून असं आहे, कुणाकुणाची पानं कुणी कुणी पाहिली असतील, आता शोधायलाही मार्ग नाही. मी विषय बदलायला एक विनोद केला. कुठला, ते आठवत नाही. तोही हसला, बळेच.

मामांच्या खोलीत मयूरी आधीच येऊन बसली होती. मामांनी सवयीने दार लोटलं. सुमंत उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, दोऱ्याचं, पानाचं, चाचणीचं. मध्ये एकदाही बघतो म्हणाला नाही. चूक सगळी माझी, असं शेवटी म्हणाला.

मयूरीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “यंत्राचं समजलं. कांद्याचं कोण बोललं?”

सुमंतला ठाऊक होतं. आईने त्याला सांगितलेलंच होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, भिंतीकडे बघत राहिला. मामांनी टेबलावरचा लाल दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आणि मी, जिला शाळेत तासभर बोलूनही दम लागत नाही, त्या खोलीत गप्प बसले. बोलायला किती वेळ मिळाला होता, ते मला अजून कळत नाही. पुष्कळ मिळाला होता.

सुमंत म्हणाला, मला त्या आजाराचं काही वाटत नाही.

“तुम्हाला काही वाटणार नाही असं वाटलं होतं, म्हणूनच मी येणार होते,” ती म्हणाली. “उद्या मी स्वतः सांगितलं असतं. आता बोलले तर ते सांगणं नव्हे, जाब देणं होईल.”

ती उठली, मामांना नमस्कार केला आणि जाताना दार पुन्हा लोटून घेतलं.

शनिवारी मंडळाचं कार्ड आलं. पत्रिका जुळत नाही. अनसूयाबाईंनी ते वाचून आमच्या ह्यांच्या हातात दिलं. अठ्ठावीस गुण काढलेला माणूस. ह्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि पंचांगात ठेवून दिलं.

सुमंतने मामांना वही महिनाभर बंद ठेवायला लावली. नव्याने बांधली, ज्याला त्याला आपापला दोरा. या वेळची चाचणी त्याने शेजारशेजारच्या दोन कॉम्प्युटरवर ओवीला आणि मला बसवून केली. एक, दोन, तीन म्हटल्यावर दोघींनी एकदम दाबायचं, कुणी कुणाला पुढे व्हा म्हणायचं नाही. चाचणीपुरतं मलाही एक पान मिळालं होतं, कोरं. टिपणात काहीतरी लिहा बाई, असं तो म्हणाला, म्हणून मी एका बोटाने लिहिलं: कांद्याचं मी बोलले.

ओवीच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे तिचंच पान होतं. सुमंतने चार वेळा ओवीला यादीत पाठवून परत आणलं, चारही वेळा तिचंच. माझं पान मलाच दिसत राहिलं. सुमंत खूश झाला. काम पक्कं झालं होतं, आणि मी लिहिलेलं ज्या मुलीने वाचायला हवं तिला ते या वहीतून आता कधीच दिसणार नव्हतं.

घरी जाताना पोस्टातून इनलँड पत्रं घेतली. माझ्या अक्षराचं शाळेत कौतुक होतं, पण त्या दिवशी दोन इनलँड फाडावी लागली. दोन्हींत कुठेतरी गंमत शिरली होती. तिसऱ्यात चारच ओळी लिहिल्या. मी बोलले. खोलीतही होते. तिथेही बोलले नाही. सुमंतने माझं नाव झाकलं, त्याचा राग त्याच्यावर नको.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. उघडं कार्ड, पोस्टमनलाही वाचता येईल असं. मयूरीने मुद्दाम तेच निवडलं असावं.

‘पत्र मिळालं. हे मला त्या खोलीत हवं होतं. सुमंतवर राग नाही, त्यांना सांगावं.’

हातात कार्ड घेऊन गॅलरीत आले, तर सुमंत जिना चढत होता. शीळ नव्हती. मी हाक मारली, सुमंत. आपल्यालाच हाक मारली हे त्याला चटकन कळलं नाही.